देवाची कढई, न्यायाची कढई, चेटकिणीची कढई

डेन्मार्कच्या उत्तरेस हिमरलँड नावाचा प्रांत आहे. तेथील गुंडेस्ट्रुप या खेड्यालगतच्या दलदलीत १८९१ सालच्या मे महिन्यात जळणासाठी कुजक्या शेवाळाची माती खणणाऱ्या माणसांना चांदीचे एक भांडे मिळाले. भांडे अखंड नव्हते. त्याचे पत्रे कुणीतरी सोडवून, तळाच्या वाडग्यात एकावर एक नीट रचून ठेवले होते. चोराने घाईघाईने पुरलेल्या मालाला अशी शिस्त नसते. देवाला वाहिलेल्या वस्तूला असते. जोडल्यावर त्याची जी कढई झाली तिचा व्यास सुमारे ६९ सेंटिमीटर, उंची ४२ सेंटिमीटर आणि वजन जवळजवळ नऊ किलो भरले. आज ती कोपनहेगनच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात आहे. ख्रिस्तजन्माच्या आधीच्या शे-दीडशे वर्षांत ती घडली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

तिच्या पत्र्यांवर ठोकून उठवलेली चित्रे पाहिली की आपण भारतीय वाचक क्षणभर थबकतो. एका पत्र्यावर मांडी घातलेला, डोक्यावर सांबराची शिंगे असलेला पुरुष बसला आहे. त्याच्या एका हाती गळ्यातील कडे, दुसऱ्या हाती सर्प, सभोवार पशू. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध मुद्रेची आठवण झाल्यावाचून राहत नाही, आणि ती काही पंडितांनाही झाली. दुसऱ्या एका पत्र्यावर चक्क हत्ती आहेत. परंतु साम्य म्हणजे नाते नव्हे. ही कारागिरी थ्रेस प्रांताकडील, म्हणजे आजच्या बल्गेरिया-रुमानियाच्या बाजूची असावी, असे बरेच तज्ज्ञ म्हणतात. तेथून ती डेन्मार्कच्या चिखलात कशी पोचली हे ज्याने त्याने आपापल्या कल्पनेने भरून काढावे. आमचे लक्ष मात्र आणखी एका पत्र्याकडे जाते. तेथे इतरांहून कितीतरी मोठी अशी एक आकृती उभी आहे आणि तिने एका योद्ध्याला उलटे धरून मोठ्या भांड्यात बुडवले आहे. खाली पायदळाची रांग त्या भांड्याकडे निघाली आहे. वरच्या बाजूस घोडेस्वार तेथून दूर चालले आहेत. हा नरबळी आहे की पुनर्जन्म? मेलेले पायी येतात आणि जिवंत होऊन घोड्यावर बसून जातात, असेही चित्र वाचता येते. जिवंत येतात आणि देवाच्या पोटात जातात, असेही वाचता येते. कढईच्या साऱ्या इतिहासात ही दुहेरी शंका पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

आपल्याकडे या भांड्यास एकच असा शब्द नाही. गुऱ्हाळात ती काहील असते, लग्नघरी हंडा वा डेग असते, स्वयंपाकघरात कढई. उत्तर युरोपात तीन पायांवर उभी किंवा साखळीने चुलीवर टांगलेली खोल, गोल कढई हीच घरातील सर्वांत मोलाची वस्तू असे. धातू महाग, हिवाळा लांब. ज्याच्या घरी मोठी कढई त्याच्या दारी माणसे, आणि ज्याच्या दारी माणसे तो सरदार. अन्नदान आणि सत्ता यांचे नाते आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. आयर्लंडच्या पुराणकथांत दाग्दा नावाचा थोराड, खादाड, भोळसर देव आहे. त्याच्या कढईपासून कोणतीही पंगत अतृप्त उठत नसे. द्रौपदीच्या थाळीची कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. भूक सगळीकडे सारखीच होती.

परंतु त्याच कढईची दुसरी बाजू ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने नोंदवून ठेवली आहे. हिमरलँडशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या किंब्री लोकांत पांढरी वस्त्रे ल्यालेल्या, केस पिकलेल्या पुजारिणी असत. त्या युद्धकैद्यांना एका प्रचंड काशाच्या कढईपाशी नेत, शिडीवर चढून त्यांचे गळे कापीत आणि कढईत पडणाऱ्या रक्तावरून भविष्य सांगत, असे तो लिहितो. याच लोकांनी आपली सर्वांत पवित्र कढई रोमन सम्राट औगुस्त याला मैत्रीखातर भेट पाठवली, अशीही नोंद त्याने केली आहे. परशत्रूविषयी लिहिणाऱ्या लेखकाचे सारेच खरे धरू नये. तथापि कढई ही त्या लोकांच्या धर्माचे केंद्र होती, एवढे मानायला हरकत नाही.

वेल्स देशातील कथा अधिक खोल आहे. ब्रिटनचा राजा ब्रान याची बहीण ब्रानवेन ही आयर्लंडच्या मॅथोलुख राजाला दिली जाते. लग्नाच्या वेळीच ब्रानचा सावत्र भाऊ एव्हनिसियेन हा रागाच्या भरात पाहुण्यांच्या घोड्यांना विद्रूप करतो. अपमानाची भरपाई म्हणून ब्रान मेव्हण्याला एक कढई देतो. आज मारलेला माणूस तिच्यात टाकला तर उद्या तो पूर्ववत लढायला उभा राहील, फक्त त्याला वाचा राहणार नाही. पुढे आयर्लंडमध्ये ब्रानवेनला सासुरवास होतो. राणीला मुदपाकखान्यात राबवतात, खाटीक रोज तिच्या थोबाडीत मारतो. ती एका साळुंकीसारख्या पाखराला बोलायला शिकवून त्याच्या पंखाशी चिठ्ठी बांधते. भाऊ समुद्र ओलांडून येतो आणि युद्ध पेटते. आयरिश लोक आपले मेलेले सैनिक कढईत टाकतात आणि ते मुक्याने उठून पुन्हा लढतात. ब्रानच्या माणसांना मात्र परत उठवणारे काही नसते. तेव्हा ज्याच्यापायी हे सारे घडले तो एव्हनिसियेन शत्रूच्या प्रेतांत प्रेत होऊन पडून राहतो. त्याला कढईत फेकले जाते. आत तो हातपाय ताणतो. कढईचे चार तुकडे होतात आणि त्याचे काळीजही फुटते. युद्धातून सात पुरुष परततात, आणि दोन बेटे आपल्यापायी उजाड झाली या दुःखाने ब्रानवेन प्राण सोडते.

ही कथा आपल्यापर्यंत चौदाव्या शतकातील हस्तलिखितांतून आली. ती लिहून ठेवणारे हात ख्रिस्ती होते. त्यांपैकी जे सर्वांत जुने संपूर्ण पुस्तक, ते सिस्टर्शियन मठवाशांच्या छायेत लिहिले गेले असावे असा तर्क आहे. मिशनरी आले आणि जुने सारे पुसले गेले, असे विधान सरसकट करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आयर्लंड-वेल्सच्या देवांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत ती मठांतील दौत-लेखणीमुळे. त्या लेखकांनी हे का जपले असेल? आपल्या आजोबांच्या गोष्टी टाकवत नाहीत, हे तर खरेच. परंतु वाचा नसलेले पुनरुत्थान म्हणजे जीवन नव्हे, आणि एकाने जाणूनबुजून स्वतःला मृतांत घातल्याखेरीज मृत्यूचा कारखाना थांबत नाही, हे दोन्ही अर्थ पास्काच्या रात्री जागणाऱ्या माणसाच्या कानाला ओळखीचे वाटले असल्यास नवल नाही. हा आमचा अदमास आहे. कथा तसे कोठेही म्हणत नाही.

‘होली ग्रेल’ची प्रसिद्ध दंतकथा याच कढईतून निघाली, असे विसाव्या शतकातील काही पंडितांनी हिरिरीने मांडले. क्रेत्यॅं द त्र्वा या फ्रेंच कवीने बाराव्या शतकाच्या अखेरीस ग्रेलचे पहिले वर्णन केले तेव्हा ते एक वाढायचे ताट होते आणि त्यात एका वृद्ध राजासाठी नेलेली एकच पवित्र भाकर होती. शेवटच्या भोजनाचे पात्र हा अर्थ त्यानंतर थोड्याच वर्षांनी रोबेर द बोरों याने दिला. ख्रिस्तसभेने ही दंतकथा अधिकृतपणे कधी स्वीकारली नाही. कढई ते ग्रेल ही वंशावळ मोहक आहे, पण तिच्यातील बऱ्याच पिढ्या गाळलेल्या आहेत, म्हणून आम्ही तिच्यात अधिक रमत नाही.

बायबलमधील कढया यांहून वेगळ्या. त्यांत जादू जवळजवळ नाहीच. शिलो येथे याजक एलीचे पुत्र लोकांच्या यज्ञबलीचे मांस शिजत असतानाच तीन दातांचा काटा कढईत खुपसून मिळेल तेवढे उपसून नेत. देवाच्या भांड्यावर हात मारणाऱ्या धर्माधिकाऱ्यांचे इतके चटका लावणारे चित्र क्वचितच आढळेल. यिर्मया संदेष्ट्याला उत्तरेकडून कलणारी उकळती कढई दिसली आणि ती येणारे संकट होती. अलीशाच्या दिवसांत दुष्काळात रानफळे चिरून टाकलेले कालवण विषारी निघाले, तेव्हा त्याने मूठभर पीठ टाकून ते खाण्याजोगे केले. आणि जखऱ्याच्या ग्रंथाच्या शेवटी असा दिवस येणार आहे, की ज्या दिवशी मंदिरातील हंडे वेदीपुढील पात्रांइतके पवित्र ठरतील. इतकेच नव्हे, यरुशलेममधील घरोघरचे प्रत्येक भांडे पवित्र होईल. चुलीवरच्या तपेल्याला एवढा मान दुसऱ्या कोणत्या ग्रंथाने दिला असेल!

प्रेषित संत योहान यांना रोममध्ये उकळत्या तेलात टाकले असता ते सुखरूप बाहेर आले, ही परंपरा आफ्रिकेतील तर्तुलियन याने इ. स. २०० च्या सुमारास नोंदवली. रोमच्या लॅटिन वेशीपाशी त्या आठवणीचे छोटे मंदिर आजही उभे आहे. ६ मेचा तो सण पोप तेविसावे जॉन यांनी १९६० साली सार्वत्रिक पंचांगातून काढला. या परंपरेचा इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवतो. परंतु निर्दोष माणसाला उकळते तेल बाधत नाही, ही कल्पना मनात एकदा रुजली म्हणजे तिच्यापासून पुढचे पाऊल फार दूर नसते. ज्याला बाधले तो दोषी!

ते पाऊल युरोपने उचलले. फ्रँक लोकांच्या सालिक कायद्यात, म्हणजे सहाव्या शतकाच्या आरंभी, आरोपीला कढईपाशी नेण्याची तरतूद आहे. पुढे तिचा सविस्तर विधी बनला. आरोपीने तीन दिवस उपवास करावा, मिस्सा ऐकावी. धर्मगुरूने पाण्याला आशीर्वाद द्यावा, सुसन्नेला आणि भट्टीतील तीन तरुणांना वाचवणाऱ्या देवाचा धावा करावा. मग आरोपीने उकळत्या पाण्यात मनगटापर्यंत, आरोप भारी असल्यास कोपरापर्यंत हात घालून तळाचा खडा काढावा. हात बांधून ठेवायचा आणि तिसऱ्या दिवशी सोडून पाहायचा. जखम सुकत असेल तर सुटका, चिघळली असेल तर शिक्षा. तूरचे महागुरू ग्रेगरी यांनी एक हकिकत लिहिली आहे. एक कॅथलिक उपधर्मगुरू आणि एक एरियसपंथी याजक यांच्यात वाद होतो आणि खरा धर्म कुणाचा हे ठरवण्यासाठी उकळत्या कढईत अंगठी टाकण्याचे ठरते. कॅथलिक उपधर्मगुरू पहाटेच हाताला तेले चोपडून येतो आणि पकडला जातो! तेवढ्यात राव्हेन्नाहून आलेला दुसरा एक उपधर्मगुरू हात घालतो, बराच वेळ अंगठी शोधतो आणि म्हणतो की तळाशी पाणी गार आहे, वर जरासे कोमट आहे. विरोधकाच्या हाताचे मात्र हाड दिसते. ग्रेगरींनी आपल्याच बाजूच्या पहिल्या इसमाची लबाडी लपवली नाही, याचे आम्हांला कौतुक वाटते.

आपल्याकडे हे नवे नाही. तप्तमाष या नावाने तापलेल्या तेला-तुपातून सोन्याचा तुकडा काढण्याचे दिव्य स्मृतिग्रंथांत सांगितले आहे, आणि मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांत ‘रवा’ काढण्याचे दिव्य झाल्याचे कागद उपलब्ध आहेत. तेथेही हात पिशवीत घालून मोहोर करीत आणि नंतर गोतसभेसमोर उघडीत. दोन खंडांतील शेतकऱ्यांना आणि राजांना एकच युक्ती सुचली. साक्षीदार नसला की देवाला साक्षीस बोलवावे.

देवाने साक्ष दिली, तरी माणूस ती मानतो काय? लोथारिंजियाचा राजा दुसरा लोथार याला राणी थ्यूटबेर्गा नकोशी झाली होती. त्याला आपली जुनी सोबतीण वाल्द्राडा हिच्याशी लग्न करायचे होते. म्हणून राणीवर सख्ख्या भावाशी, हुकबर्टशी, संबंध ठेवल्याचा घाणेरडा आरोप ठेवण्यात आला. ८५८ साली राणीच्या वतीने एका माणसाने उकळत्या कढईत हात घातला आणि तो बाधा न होता बाहेर आला. राणी निर्दोष ठरली. परंतु राजाच्या पक्षपात्यांनी फाटे फोडले. राणीने गुपचूप पापकबुली केली असेल म्हणून पाणी भाजले नाही. किंवा शपथ घेताना तिने मनात दुसऱ्याच कुणा हुकबर्टचे नाव धरले असेल! दोन वर्षांनी आखेन येथील धर्मसभेपुढे त्याच राणीकडून कबुली वदवून घेण्यात आली. ती निसटून पळाली आणि तिने रोमकडे दाद मागितली. रेंसचे आर्चबिशप हिंकमार यांनी या प्रकरणावर मोठा ग्रंथ लिहिला. ते राणीच्या बाजूचे होते, परंतु कढईच्याही बाजूचे होते. पाणी म्हणजे नोहाचा जलप्रलय, अग्नी म्हणजे अंतिम न्याय, असा अर्थ त्यांनी लावला. पोप पहिले निकोलस यांनी ८६३ साली राजाला अनुकूल निकाल देणारी मेट्झची धर्मसभा रद्द केली आणि कोलोन व ट्रियर येथील दोन आर्चबिशपांना पदच्युत केले. एका टाकलेल्या स्त्रीसाठी पोपने राजाशी वैर घेतले, ही गोष्ट आपल्या लोकांत जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

कढईविरुद्धचा स्वर ख्रिस्तसभेत आधीपासून होता. लियोंचे आगोबार्द यांनी नवव्या शतकाच्या आरंभी अशा दिव्यांवर टीका केली होती. पण आमच्या मनाला भिडते ते पोप पाचवे स्टीफन यांचे ८८७-८८ च्या सुमाराचे पत्र. मेंझच्या आर्चबिशपांनी विचारले होते, की आईबापांच्या कुशीत झोपलेले मूल सकाळी मेलेले आढळले तर ते चुकून चेंगरले की मारले, हे ठरवण्यासाठी आईबापांना तापलेले लोखंड किंवा उकळते पाणी द्यावे काय? मूल गमावलेल्या आईचा हात कढईत घालावा काय, एवढाच याचा अर्थ! पोपनी उत्तर दिले, नाही. जे कबुलीने वा साक्षीने सिद्ध होते त्याचाच न्याय माणसाने करावा. जे गुप्त आहे ते मानवांची अंतःकरणे जाणणाऱ्यावर सोपवावे. तरीही पुढे सव्वातीनशे वर्षे कढया उकळत राहिल्या. अखेर १२१५ साली पोप तिसरे इनोसंट यांच्या चौथ्या लॅटरन परिषदेने, कोणत्याही धर्मगुरूने उकळत्या वा थंड पाण्याला किंवा तापल्या लोखंडाला अशा कामासाठी आशीर्वाद देऊ नये, असा नियम केला. आशीर्वाद गेला तशी कढईची भीतीही गेली. इंग्लंडने १२१९ मध्ये हा मार्ग सोडला आणि तेथे पंचांची पद्धत वाढली. युरोपच्या मुख्य भूमीवर मात्र न्यायाधीश कबुलीच्या मागे लागले, आणि कबुली न मिळाली तर छळयंत्राकडे वळले. एक चांगला निर्णय असा वाकड्या वाटेने गेला.

त्या वाटेवर कढई पुन्हा भेटते, आता चेटकिणीच्या हाती. १४८९ साली उल्रिख मोलितोर या कायदेपंडिताचे चेटकिणींवरील पुस्तक छापले गेले. त्यातील एका लाकडी ठशाच्या चित्रात दोन बायका आगीवरील कढईत कोंबडा आणि साप टाकीत आहेत आणि आकाशातून गारा पडत आहेत. गंमत अशी, की चेटकिणी स्वतःच्या बळावर गारपीट आणू शकत नाहीत असेच मोलितोरचे मत होते. परंतु मजकूर वाचणारे थोडे, चित्र पाहणारे पुष्कळ. १५१० साली हान्स बाल्डुंग ग्रीन याने तेच भांडे आपल्या सुप्रसिद्ध ठशात वाफाळत ठेवले. शेक्सपियरच्या ‘मॅक्बेथ’नंतर तर कढईवाचून चेटकीण अपुरी वाटू लागली. गावजेवणाची, औषधी काढ्यांची, सुइणीच्या गरम पाण्याची कढई ही बायकांच्या हातची वस्तू होती. पीक बुडाले, गाय आटली की तिच्याकडेच बोट जाई. दाग्दाची कढई पंगत जेववीत होती. हीत आता शेजाऱ्याचे वाईट शिजत असल्याचे मानले गेले.

पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसे चेटूक केल्याच्या आरोपाखाली मारली गेली, असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही प्रदेशांत हे घडले, आणि १६२० च्या दशकातील अत्यंत भीषण खटले वुर्झबुर्ग व बाम्बेर्ग या बिशपांच्याच संस्थानांत चालले. हे आपण झाकू नये. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवून बायकांना छळल्याच्या घटना आपल्या काळातल्या आहेत, आणि महाराष्ट्राला त्यासाठी २०१३ साली कायदा करावा लागला, हेही विसरू नये.

याच काळात फ्रीडरिश श्पे नावाचा एक येशूसंघीय होता. त्याचा जन्म १५९१ चा. १६१७ साली त्याने आपल्या संघाच्या प्रमुखांकडे भारतात मिशनकार्यासाठी पाठवण्याची विनंती केली होती; ती नाकारली गेली. तो जर्मनीतच राहिला. दंडित स्त्रियांची पापकबुली ऐकणे आणि त्यांना चितेपर्यंत सोबत करणे हे काम त्याने केले, असे सांगतात. चाळिशीआधीच त्याचे केस पांढरे झाले ते त्यामुळेच, ही आठवण तत्त्वज्ञ लाइबनिट्सने पुढे लिहून ठेवली. १६३१ मध्ये रिंटेलन येथे ‘काउत्सियो क्रिमिनालिस’ हा लॅटिन ग्रंथ लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाला. तो श्पेचा होता. छळाखाली मिळालेली कबुली ही छळाचीच साक्ष असते, गुन्ह्याची नव्हे, असा त्याचा मुद्दा. एकीने छळ सोसला तर सैतानाने तिला बळ दिले म्हणायचे आणि सोसला नाही तर कबूल झाली म्हणायचे, मग निर्दोष बाईने सुटावे तरी कसे, हा प्रश्न त्याने राजांना, न्यायाधीशांना आणि आपल्याच धर्मबंधूंना विचारला. थ्यूटबेर्गा राणीच्या विरोधकांची तर्कपद्धती आठशे वर्षांनी तशीच जिवंत होती. संघातील काही वरिष्ठ त्याच्यावर रुष्ट झाले. परंतु योहान फिलिप फोन श्योनबोर्न या पुढे वुर्झबुर्गचे बिशप व नंतर मेंझचे आर्चबिशप झालेल्या पुरुषाने त्याचे म्हणणे मनावर घेतले आणि आपल्या प्रदेशात चिता थांबवल्या.

श्पेच्या हयातीत मात्र त्या थांबल्या नाहीत. १६३५ साली ट्रियर शहरात लढाईनंतर जखमी आणि साथीने आजारी झालेल्या सैनिकांची शुश्रूषा करताना त्यालाही तोच आजार जडला आणि ७ ऑगस्टला तो मरण पावला. त्याला येशूसंघाच्या चर्चखालील तळघरात पुरले. त्याची शवपेटी १९८० साली सापडली.